खात्याच्या ऑडिटआधी घरचा माणूस बसवायचा की बाहेरचा आणायचा?

परवा एकाने विचारलं, टॅक्स खात्याचं ऑडिट लागायच्या आधी आपलं आपण तपासून घ्यायचंय, तर आपलाच अकाउंटंट बसवू का बाहेरून ऑडिटर आणू?

खर्च बघितला तर घरचा स्वस्त, पण फुकट नाही हां, तो जुनी बिलं उपसत बसला की चालू महिन्याच्या एन्ट्र्या तुंबतात. बाहेरच्याची फी डोळ्यांना दिसते म्हणून टोचते एवढंच.

खरा फरक आहे तो चुका सापडण्यात. खात्याचे लोक रिटर्नमधली विक्री, वहीतली विक्री, बँकेत आलेले पैसे असं सगळं एकमेकांना लावून बघतात. ही जुळवाजुळव घरचा माणूस पटकन करतो, कुठली क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याची चिठ्ठी) कुठल्या बिलाची ते त्याला तोंडपाठ. पण कंट्रोल, म्हणजे एकाचं काम दुसऱ्याच्या नजरेखालून जायची सोय, तपासायचे म्हटलं की गोची, कारण सप्लायरचं खातं उघडणारा तोच, बिल चढवणारा तोच, पेमेंट सोडणारापण तोच, मग स्वतःची चूक तो कशी पकडणार? बाहेरचा एक बिल हातात घेऊन विचारतो, ऑर्डर कुठाय, माल आल्याची पावती कुठाय, सही कोणाची, आणि तिथेच सगळे एकमेकांकडे बघायला लागतात.

त्रास मात्र बाहेरच्याचा जास्त, त्याला धंदा समजावण्यातच वेळ जातो.

व्यवहार थोडे आणि मालक स्वतः पेमेंट बघत असेल तर घरचा बास. शाखा जास्त किंवा सगळं एकाच्याच हातात असेल तर बाहेरचाच आणा, फक्त जुळवाजुळव आधी घरच्याकडून करून ठेवा, नाहीतर अर्धी फी त्यातच जाते.