वाडीतलं घर विकायला लावलेला एजंट: फाईलला चार स्टार, तोंडाला एक

बडोद्यात वाडी, फतेपुरा, पाणीगेट इकडे घर विकायचं तर साधा ब्रोकर चालत नाही, अशांत धाऱ्याची (दंगलीच्या भागातल्या घर-दुकान विक्रीवरचा गुजरातचा कायदा) फाईल करणारा माणूस लागतो. नाव टाकत नाही, बाजारात बाकीचे पण असेच आहेत. आत्या मांजलपूरला मुलाकडे गेली नि तिच्या घराची भानगड माझ्या गळ्यात आली.

काम मात्र चोख. 1991 चा कायदा आहे, अशांत जाहीर केलेल्या एरियात कलेक्टरच्या परवानगीशिवाय दस्त होत नाही, घेणारा आपल्याच धर्मातला असला तरी. ह्याने सोगंदनामे (शपथपत्रं), प्रॉपर्टी कार्ड, वेऱ्याची म्हणजे घरपट्टीची पावती सगळं पहिल्याच खेपेला नीट लावलं, पोलीस अभिप्रायाच्या मागे स्वतः फिरला, आत्याला कुठे ताटकळत बसवलं नाही. आणि फी आधी बोलला तेवढीच घेतली, हे लिहायलाच हवं.

आता तोंड. एक बोहरी मुस्लिम दुकानदार भाव चांगला देत होता, आत्याची काही ना नव्हती. तर हा म्हणतो, "भाऊ, त्यांना घर दाखवूच नका, पोळवाले (गल्लीतले शेजारी) उद्या अर्ज घेऊन कलेक्टर ऑफिसात. हरणीचं विसरलात?" हरणीला तर सरकारी योजनेचा फ्लॅट, 462 घरांची वसाहत, 2017 ला एका मुस्लिम बाईला लागला आणि 2024 ला तिथले लोक तिच्या विरोधात उभे राहिले. मी म्हटलं अहो, चांपानेर दरवाज्याजवळ मुस्लिम माणसाने घेतलेल्या दुकानाच्या केसमध्ये हायकोर्टाने 2020 ला सांगितलंय ना, कलेक्टरने बघायचं ते एवढंच की विकणारा राजीखुशीने विकतोय का नि भाव रास्त आहे का. हा हसला. "दुकान घेतलं 2016 ला, शेजाऱ्यांचा अर्ज हायकोर्टाने फेटाळला 2023 ला. आत्याबाईंना तेवढा धीर आहे का?"

ह्यावर काय बोलणार. पण राग ह्याचा की शेजारच्या काकूंना कोणी विचारलंच नाही, त्या तर म्हणत होत्या कोणी का येईना, वरच्या मजल्याची गळती थांबवली म्हणजे झालं. पोळवाले पोळवाले करून हाच आधी चार घरी बोलून ठेवतो नि मग आपलं गिऱ्हाईक पुढे करतो, भाव अर्थातच कमी.

घर गेलं त्याच्याच माणसाला. फाईल करायला बेधडक जा, पण गिऱ्हाईक स्वतः शोधा आणि ते कोण हे त्याला कागद करायच्या दिवशीच सांगा.