स्टीफन मिनिस्ट्री : संकटाचे पहिले दिवस सरल्यावर मिळणारी सोबत

एखाद्या आजाराचे निदान, जवळच्या माणसाचा मृत्यू, मोडलेला संसार किंवा गेलेली नोकरी यांमुळे नीट चाललेले आयुष्य मध्येच अडते, तेव्हा मंडळीतील, म्हणजे आपल्या चर्चमधील, बंधुभगिनी सुरुवातीला धावून येतात आणि नंतर, त्यांचा काहीच दोष नसताना, आपापल्या कामांत गुंतत जातात. स्टीफन मिनिस्ट्री ही सेवा त्या नंतरच्या, कोणी फारसे विचारत नाही अशा काळासाठी आहे. आमच्या मंडळीत ती चालते आणि घरातील लांबलेल्या आजारपणात मी ती घेतली.

या सेवेची सुरुवात १९७५ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस शहरात झाली. पाळक (चर्चचे धर्मगुरू) आणि मानसशास्त्रज्ञ असलेले केनेथ हॉक यांना एकट्याने सर्व दुःखितांपर्यंत पोचणे शक्य होईना, म्हणून त्यांनी मंडळीतील नऊ सभासदांना या कामासाठी तयार केले. पुढे हजारो मंडळ्यांनी ही पद्धत स्वीकारली. स्वयंसेवकाला सुमारे ५० तासांचे प्रशिक्षण मिळते. ऐकावे कसे, शोक आणि नैराश्य ओळखावे कसे, आपली मर्यादा कोठे संपते आणि माणसाला तज्ज्ञाकडे कधी पाठवावे, हे त्यात शिकवले जाते. त्यानंतर एका स्वयंसेवकाकडे एकच व्यक्ती सोपवली जाते. पुरुषाला पुरुष आणि स्त्रीला स्त्री, आठवड्यातून एकदा, साधारण तासभर. कोणी मोबदला घेत नाही.

मला सर्वाधिक मोलाची वाटली ती या सेवेमागची शिस्त. निःस्वार्थ सेवा मनाच्या उमाळ्यातून आपोआप घडते असे आपण धरून चालतो, परंतु उमाळा ओसरतो आणि आजारपण मात्र चालूच राहते. माझ्याकडे येणाऱ्या भगिनींनाही घर होते, नोकरी होती, स्वतःच्या अडचणी होत्या. तरीही ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी त्या येत असत, आणि त्यांच्या येण्याचा भरवसा वाटू लागल्यावरच मी मनातले बोलू लागले. स्वयंसेवकांचे लहान गट नियमितपणे एकत्र बसून एकमेकांच्या कामाचा आढावा घेतात. त्यात समोरच्या व्यक्तीची ओळख उघड केली जात नाही. चर्चा होते ती सेवा करणाऱ्याच्या वागण्याची, त्याच्या थकव्याची, त्याच्याकडून राहून गेलेल्या गोष्टींची. सेवा करणाऱ्यालाही कोणीतरी सांभाळावे लागते, ही जाण चांगल्या हेतूने सुरू झालेल्या अनेक उपक्रमांत आढळत नाही.

श्रद्धेच्या बाबतीतला संयमही मला भावला. पहिल्या भेटीत बायबलमधील वचनांचा भडिमार झाला नाही. प्रार्थना करू का, असे आधी विचारले गेले, आणि मी नको म्हटले त्या दिवशी ती झाली नाही. देवावरचा माझा राग त्या भगिनींनी शांतपणे ऐकून घेतला. त्याला उत्तर देण्याची घाई केली नाही. पुढे एकदा मीच बायबलमधील मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायाचा विषय काढला. याईर नावाच्या माणसाची मुलगी मरणाला टेकलेली असते, प्रभू येशू त्याच्याबरोबर निघतात, आणि वाटेत बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री त्यांच्या वस्त्राला स्पर्श करते. प्रभू थांबतात, तिला शोधतात, तिचे सर्व ऐकून घेतात. या प्रसंगावरील उपदेश बहुधा त्या स्त्रीच्या विश्वासावर असतो. मला मात्र शेजारी ताटकळत उभा असलेला याईर दिसत होता, ज्याचा एकेक क्षण दुसऱ्याच्या गरजेसाठी खर्च होत होता आणि ज्याला तेवढ्यात मुलगी गेल्याचा निरोप मिळाला. माझे म्हणणे पूर्ण होईपर्यंत त्या भगिनी गप्प राहिल्या आणि मग एवढेच म्हणाल्या की, निरोप आल्यावरही प्रभू त्याच्याबरोबर त्याच्या घरापर्यंत चालत गेले. त्या वाक्यापाशी मी बराच काळ राहिले, अजूनही आहे.

एक आक्षेप मात्र स्पष्टपणे नोंदवायला हवा. स्टीफन म्हणजे बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील स्तेफन. रोजच्या अन्नवाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होत असल्याची तक्रार आल्यावर ज्या सात जणांना निवडले गेले, त्यांत त्याचे नाव पहिले आहे. ज्याची निवड पंगतीच्या कामासाठी झाली त्याचे नाव धारण करणारी ही सेवा प्रत्यक्ष कामांना हात घालत नाही. स्वयंपाक, औषधे आणणे, रुग्णालयात ने-आण हे तिच्या कक्षेत येत नाही. ऐकण्याचे काम कामांच्या गर्दीत हरवू नये, हा त्यामागचा विचार मला समजतो आणि बऱ्याच अंशी पटतो. तरीही रात्रभर जागून काढलेल्या माणसाला त्या वेळी ऐकणाऱ्यापेक्षा दोन तास रुग्णाजवळ बसणारे कोणी हवे असते. ज्या मंडळीत ही सेवा चालते तिथे अशा मदतीसाठी वेगळा गट असावा आणि दोन्ही गटांचा एकमेकांशी संपर्क असावा, असे मला ठामपणे वाटते. शिवाय लहान मंडळीला पुरेसे स्वयंसेवक उभे करणे आणि टिकवणे अवघड जाते. योग्य व्यक्ती मिळेपर्यंत थांबावेही लागू शकते.

ज्यांना ही सेवा घ्यायची आहे त्यांनी पाळकांशी लवकर बोलावे; सर्व बळ संपेपर्यंत वाट पाहू नये. हे मानसोपचार नाहीत, त्यामुळे जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर आधी डॉक्टरांकडे जावे आणि ही सोबत त्या उपचारांच्या जोडीला घ्यावी. पहिल्या एक-दोन भेटींत बोलणे जुळले नाही तर तसे मोकळेपणाने सांगावे, दुसरी व्यक्ती मागण्यात संकोच बाळगू नये. भेटी कधी थांबवायच्या हेही दोघांनी मिळून ठरवायचे असते. आमचा निरोप घाईने झाला नाही, त्याआधीच्या काही भेटींत आम्ही त्याविषयी बोलत होतो.