आमच्या जमिनीचे कॉन्झर्व्हेशन ईझमेंट : स्थानिक लँड ट्रस्टच्या सेवेचा तीन वर्षांनंतरचा अनुभव

न्यूयॉर्क राज्यातील हडसन खोऱ्यात आमची 42 एकर जमीन आहे. निम्म्या भागात ओक आणि मेपलचे जंगल आहे, मधून एक ओढा वाहतो आणि उरलेल्या कुरणावरचे गवत शेजारचा शेतकरी कापून नेतो. आमच्या पश्चात या जमिनीचे प्लॉट पडू नयेत, अशी आम्हा दोघांची इच्छा होती, म्हणून मुलांशी सविस्तर बोलून तीन वर्षांपूर्वी आम्ही तिचे कॉन्झर्व्हेशन ईझमेंट, म्हणजे जमीन जपण्यासाठीचे कायमचे कायदेशीर बंधन, इथल्या लँड ट्रस्टला, म्हणजे जमिनी जपणाऱ्या ना-नफा संस्थेला, दान केले. सही झाल्या झाल्या लिहिले असते तर ते नुसते कौतुक झाले असते. या सेवेचा खरा कस सहीनंतर लागतो, असे मला वाटत असल्याने ट्रस्टच्या तीन वार्षिक पाहण्या होईपर्यंत थांबलो.

ईझमेंट म्हटले की आपल्या लोकांना वहिवाटीचा रस्ता आठवतो. इथे प्रकार वेगळा आहे. जमीन आमच्याच मालकीची राहते. ती आम्ही विकू शकतो, मुलांना देऊ शकतो, तिच्यावर शेती करू शकतो आणि कोणालाही आत येऊ देण्याचे बंधन आमच्या करारात नाही. मात्र तिचे तुकडे करण्याचा आणि ठरावीक मर्यादेपलीकडे बांधकाम करण्याचा हक्क आम्ही कायमचा सोडला आहे, आणि ते बंधन पाळले जाते की नाही हे पाहण्याचा व गरज पडल्यास न्यायालयात जाण्याचा हक्क ट्रस्टला मिळाला आहे. सातबाऱ्यावरचा बोजा जसा मालक बदलला तरी जमिनीबरोबर जातो, तसेच हे बंधन पुढच्या प्रत्येक मालकाला लागू होते; फरक इतकाच की हा बोजा फेडून उतरवता येत नाही.

ट्रस्टच्या कर्मचारी बाईंनी पहिल्याच भेटीत हे 'कायमचे' म्हणजे काय, ते इतक्या स्पष्टपणे सांगितले की मला क्षणभर त्यांना आमची जमीन नको आहे की काय असे वाटले. जमिनीचा बाजारभाव उतरेल, मुलांना पुढे वाटले तरी निर्णय फिरवता येणार नाही, आणि ट्रस्टचे वकील ट्रस्टचे हित पाहत असल्याने तुम्ही स्वतःचा वकील आणि करसल्लागार नेमा, हे त्यांनी आम्ही विचारण्याआधीच सांगितले. पुढच्या सर्व व्यवहारात या प्रामाणिकपणाचा आम्हाला आधार वाटला.

त्यानंतर नकाशाचे काम सुरू झाले आणि या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग मी यालाच मानतो. छापील मसुदा पुढे करून सही मागण्याऐवजी त्या बाई दोन ऋतूंत तीनदा आमच्याबरोबर जमिनीवरून फिरल्या आणि त्यातून तीन भाग ठरले. घर व कोठाराभोवतीचे 3 एकर, जिथे आणखी एक घर बांधण्याची मुभा आहे; कुरण, जिथे शेती चालू राहील पण इमारत होणार नाही; आणि जंगलासह ओढ्याचे दोन्ही काठ, जिथे वाळलेली किंवा धोकादायक झाडे सोडून तोड करता येणार नाही. आम्ही पूर्ण कुरणही तोडीपासून मुक्त ठेवायला निघालो होतो. तसे केले तर वीस वर्षांत तिथे झुडपांचे रान होईल आणि गवताळ जागेत घरटी करणारे पक्षी निघून जातील, हे त्यांनीच लक्षात आणून दिले.

बँकेचे कर्ज असणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. गहाणखत ईझमेंटच्या आधीचे असेल आणि पुढे बँकेने जप्ती आणली, तर ईझमेंट पुसले जाऊ शकते. म्हणून आपला हक्क ईझमेंटच्या खाली ठेवण्यास बँकेची लेखी संमती दान करण्यापूर्वी घ्यावी लागते, आणि तिच्याविना संघराज्याची करसवलतही मिळत नाही. आमच्या बँकेला हे पत्र देण्यास चार महिने लागले. तो दोष ट्रस्टचा नाही, पण ही अट त्यांनी पहिल्या महिन्यातच सांगितली असती तर एवढा उशीर झाला नसता.

करसवलतीबद्दल ट्रस्टने कोणतेही आकडे कबूल केले नाहीत आणि ते योग्यच होते. बंधनाआधीची किंमत आणि बंधनानंतरची किंमत यांतील फरक म्हणजे दानाचे मूल्य, आणि ते स्वतंत्र, पात्र मूल्यमापकाने ठरवायचे असते. सर्वसाधारण दात्याला वर्षाच्या समायोजित उत्पन्नाच्या 50 टक्क्यांपर्यंत वजावट घेता येते आणि उरलेली पुढची 15 वर्षे वापरता येते. 2015 साली ही तरतूद कायम करण्यात आली. न्यूयॉर्कमध्ये याशिवाय शाळा, काउंटी (जिल्हा) व टाउन यांच्या मालमत्ताकराच्या 25 टक्के, वर्षाला 5,000 डॉलरपर्यंत, राज्याच्या आयकरातून परत मिळतात. गुंतवणूकदारांचे गट करून फुगवलेल्या किमतींवर वजावटी विकणाऱ्यांनी या कायद्याचा पुष्कळ गैरवापर केला, आणि 2022 च्या अखेरीस काँग्रेसला (अमेरिकेच्या संसदेला) अशा भागीदारींच्या वजावटीवर गुंतवणुकीच्या अडीचपटीची मर्यादा घालावी लागली. असे व्यवहार आपण स्वीकारत नाही, हे आमच्या ट्रस्टच्या लेखी धोरणात आहे. ते धोरण मागून वाचावे.

तक्रारी दोन आहेत. कायमच्या देखरेखीसाठी आणि संभाव्य दाव्यांसाठी ट्रस्ट जो निधी राखतो, त्यात दात्याकडून काही हजार डॉलर अपेक्षित असतात, हे आम्हाला मसुदा जवळजवळ तयार झाल्यावर कळले. निधी आवश्यक आहे याबद्दल शंका नाही, कारण त्याच्याशिवाय 'कायमचे' हा शब्द पोकळ ठरेल; पण मूल्यमापन, मोजणी आणि वकील यांच्या खर्चाबरोबरच हा आकडाही पहिल्या बैठकीत कागदावर यायला हवा होता. दुसरी तक्रार मसुद्याची. सौरपॅनेलचे कलम इतके संदिग्ध होते की कोठाराच्या छतावर चालतील पण कुरणात चालणार नाहीत, एवढे साधे वाक्य त्यात यावे यासाठी आमच्या वकिलाला तीन पत्रे लिहावी लागली. पहिल्या फोनपासून काउंटी क्लार्कच्या कार्यालयात नोंद होईपर्यंत एकूण 19 महिने गेले.

सहीपूर्वी तयार झालेला मूळ स्थितीचा अहवाल मात्र उत्कृष्ट आहे. नकाशे, छायाचित्रे, प्रत्येक छायाचित्र कोठून कोणत्या दिशेला घेतले त्याची नोंद, जुन्या दगडी बांधांची लांबी, हे सारे त्यात असून दोन्ही बाजूंनी ते खरे असल्याची सही केली आहे. त्याचा उपयोग दुसऱ्याच वर्षी झाला. शेजारच्या जागेवर काम करणाऱ्या ठेकेदाराची यंत्रे हद्द ओलांडून ओढ्याकाठी आली होती आणि काठ ढासळला होता. पाहणीला आलेल्या तरुणाने जुन्या छायाचित्राशी ताडून ते त्याच दिवशी नोंदवले, ट्रस्टच्या वकिलाचे पत्र गेले आणि हिवाळ्यापूर्वी काठ पूर्ववत झाला. एकट्याने मला हे जमले नसते.

त्याच काटेकोरपणाने त्यांनी आम्हालाही नकार दिला. ट्रॅक्टरसाठी शेड आम्हाला कुरणाच्या कडेला, ठरलेल्या 3 एकरांच्या थोडी बाहेर हवी होती. त्या दिवशी मला राग आला होता हे मान्य करतो. आज वाटते, दात्याची मर्जी राखण्यासाठी जो ट्रस्ट नियम वाकवेल, तो आमच्यानंतरच्या मालकापुढे ठाम कसा राहील? शेड आता कोठाराच्या मागे आहे.

निवड करताना संस्थेला लँड ट्रस्टांच्या राष्ट्रीय आयोगाची मान्यता आहे का आणि तिचे दर 5 वर्षांनी होणारे नूतनीकरण झाले आहे का, हे पाहावे. तसेच ट्रस्ट बंद पडल्यास ईझमेंट कोणाकडे जाईल, ते नाव करारात आहे का, हेही पाहावे. आमच्या करारात ते नाव आमच्या आग्रहाने आले.

यंदाच्या पाहणीला आमचा मुलगा सोबत होता. त्याने थेट विचारले, "उद्या मला इथे घर बांधता येईल का?" ट्रस्टच्या त्याच बाईंनी कराराचे पान उघडले, कलम वाचून दाखवले आणि कोठारापासून पूर्वेकडच्या दोन खुंटांपर्यंत त्याच्याबरोबर चालत जाऊन ती जागा दाखवली.