विटेच्या भिंतीवर जाळीचा गिलावा: पुल-ऑफ करावी की लॅप-शिअर?

गिरगाव-लालबागच्या बऱ्याच जुन्या इमारतींत भार विटेच्या जाड भिंती पेलतात, आणि सांध्यातला चुना बऱ्याचदा नखानेही खरवडतो. अशा भिंतींना बळकटी द्यायला काचतंतू, बसाल्ट किंवा कार्बनची जाळी मॉर्टरच्या दोन पातळ थरांमध्ये दाबून बसवतात. टीआरएम (टेक्स्टाइल रीइन्फोर्स्ड मॉर्टर) म्हणतात ते हेच. कोटेशनमध्ये पुढे नुसतं ‘बाँड टेस्ट’, म्हणजे या थराची भिंतीवरची पकड मोजणारी चाचणी, एवढंच लिहिलेलं असतं. कोणती, पुल-ऑफ की लॅप-शिअर, ते आधी विचारा.

पुल-ऑफ स्वस्त आणि झटपट. थरातून विटेपर्यंत गोल काप घ्यायचा, त्यावर साधारण ५० मिलिमीटरची धातूची चकती इपॉक्सीने चिकटवायची आणि हातातल्या यंत्राने सरळ बाहेर ओढायची. काम भिंतीवरच होतं, हा मोठा फायदा. अडचण अशी, की जाळीवरचा खरा ताण भिंतीला समांतर असतो आणि ही चाचणी काटकोनात खेचते. थर पुष्कळदा जाळीच्या पातळीवरच उकलतो, मग विटेशी असलेली पकड मोजली जात नाही. जाळीचे चौकोन २५ मिलिमीटरचे असले तर चकतीखाली मोजकेच दोरे येतात. चकती विटेवर आहे की सांध्यावर, यानेही आकडा बदलतो. मऊ विटेत तर काप घेतानाच नमुना सुटतो!

लॅप-शिअर प्रयोगशाळेतली. विटा रचून लहान खांब करायचा, त्यावर टीआरएमची पट्टी बसवायची, जाळीचं मोकळं टोक भिंतीच्या रेषेत ओढायचं आणि भाराबरोबर सरकणंही मोजायचं. खरी माहिती इथे मिळते. विटेची साल निघाली, मॉर्टर विटेपासून सुटलं, दोरे मॉर्टरमधून सरकले की जाळी तुटली, हे वेगवेगळं दिसतं. दोरे सरकत असतील तर भार एकदम शून्यावर येत नाही, घर्षणाने काही काळ टिकतो. इपॉक्सीने चिकटवलेल्या कार्बनपट्टीची सवय असलेल्यांना हे चमत्कारिक वाटतं, कारण ती बहुधा विटेचा पापुद्रा घेऊन एका झटक्यात सुटते.

डबल-लॅपमध्ये खांबाच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या असतात, त्यामुळे ओढ समतोल असते, निदान कागदावर. प्रत्यक्षात एक बाजू आधी सरकते आणि भाराची वाटणी बिघडते. म्हणून माझं मत सिंगल-लॅपला, म्हणजे एकाच बाजूला पट्टी असलेल्या चाचणीला. रायलेम या बांधकाम साहित्यावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंस्थेच्या २०१८च्या शिफारशीतही तीच आहे. मात्र पट्टी यंत्राच्या रेषेत नेमकी हवी. जरा तिरकी झाली तरी ती सोलून निघू लागते.

डिझाइनचा आकडा हवा असेल तर सिंगल-लॅप, साइटवर कारागिराने पृष्ठभाग नीट घासला-भिजवला का हे तपासायचं असेल तर पुल-ऑफ. कंपनी जुने लॅप-शिअर अहवाल पुढे करेल. ते कुठल्या विटेवरचे आहेत ते पाहा. आपल्या इमारतीची पाडलेली आतली भिंत असेल तर तिच्याच विटा प्रयोगशाळेला द्या, सांध्यातही तशाच ताकदीचा चुना वापरायला सांगा. पावसाळ्यात ओल झिरपून लोणा लागलेल्या भिंतीवर पुल-ऑफ कोरड्या भागात उरकू देऊ नका. आणि दोन्ही चाचण्यांच्या अहवालात प्रत्येक तुटलेल्या नमुन्याचा फोटो मागा. पुल-ऑफमध्ये वीटच तुटली असेल, तर तो आकडा विटेचा आहे, पकड त्याहून जास्त आहे.