रोममध्ये नकाशावरून चालायचं म्युझियम, नक्की जा

रोमला जाणार असाल तर कलोसियम बघून झाल्यावर लगेच रोमन फोरमच्या (प्राचीन रोमचा मुख्य चौक) रांगेत उभे राहू नका, आधी जवळच्याच चेलिओ टेकडीवर फोर्मा उर्बिसचं म्युझियम आहे ते बघा. २०२४ च्या जानेवारीत उघडलंय. फोर्मा उर्बिस म्हणजे तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला संगमरवरात कोरलेला अख्ख्या रोमचा नकाशा, १५० लाद्या, जवळपास १८ मीटर बाय १३ मीटर, एवढा मोठा की घरांच्या खोल्या आणि जिनेसुद्धा दाखवलेत! आज त्यातला साधारण दहावा भागच उरलाय. ते तुकडे जमिनीत काचेखाली मांडलेत, खाली १७४८ चा नोल्ली या नकाशाकाराने केलेला रोमचा नकाशा, म्हणजे हा तुकडा शहरात कुठे बसतो ते कळतं आणि आपण वरून चालतो. मी अक्षरशः गुडघ्यावर बसून बघत होते.

मी गेले ती खरं तर रोदोल्फो लांचानी या इटालियन पुरातत्त्वज्ञामुळे. शिक्षणाने इंजिनियर, पण आयुष्यभर एकच ध्यास, रोम. १८७१ मध्ये शहर इटलीची राजधानी झालं, नव्या इमारतींसाठी जिथे तिथे पाया खणायला लागले आणि रोज काहीतरी जुनं वर यायचं आणि नाहीसं व्हायचं, हा माणूस त्याची नोंद ठेवत गेला. त्यातून १८९३ ते १९०१ मध्ये ४६ पानांचा नकाशा निघाला, १:१००० स्केलचा, पुरातन शहर आणि त्याच्या वरचं नवं शहर वेगवेगळ्या रंगात एकावर एक. नाव काय दिलं, तर त्या संगमरवरी नकाशाचंच! मला ते वाचून भरून आलं होतं. सतराशे वर्षांपूर्वी कोणीतरी केलेलं काम पुन्हा पहिल्यापासून करायला घ्यायचं, तेही एकट्याने, केवढं प्रेम लागत असेल. जायच्या आधी त्याची दोन-चार पानं तरी नेटवर बघून जा, काचेखालचे तुकडे एकदम बोलायला लागतात.

फक्त ग्रुप टूरने जाऊ नका, आमच्या टूरवाल्याने वीस मिनिटं दिली होती, मी दुसऱ्या दिवशी एकटी परत गेले तेव्हा कुठे समाधान झालं. एक मोठी खोलीच आहे पण दीड तास ठेवाच.

आणि तिथून फोरमकडे गेलात की सांती कॉस्मा ए दामियानो चर्चला लागून असलेली विटांची उंच भिंत शोधा, संगमरवरी नकाशा मुळात तिच्यावर लावला होता, लाद्या अडकवायची भोकं अजून दिसतात.