ज्वारीच्या डेटासाठी ग्राफ डेटाबेस की आरडीएफ स्टोअर?

नोड (गोल), एज (दोन गोलांना जोडणारी रेष), ट्रिपल (वस्तू-नातं-वस्तू अशी तीन तुकड्यांची ओळ) एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. प्रश्न एवढाच की फील्ड ट्रायलचा नाहीतर लॅबचा डेटा आहे, तो वाण, जीन, पेपर आणि बाहेरच्या डेटाबेसना जोडायचाय, तर ठेवायचा कशात: ग्राफ डेटाबेसमध्ये की सगळं ट्रिपलमध्ये ठेवणाऱ्या आरडीएफ स्टोअरमध्ये. ज्वारी आणि भाताच्या डेटासाठी आम्ही दोन्ही वापरून पाहिलंय, त्यामुळे माझ्यापुरतं सांगतो, तुमचं काम वेगळं असेल तर उत्तरही वेगळं येईल कदाचित.

सुरुवातीला मजा ग्राफ डेटाबेसमध्येच (म्हणजे निओफोरजेसारख्या प्रॉपर्टी ग्राफमध्ये) जास्त येते. सायफर, म्हणजे त्याची क्वेरीची भाषा, लवकर हाताला बसते, क्वेरी वाचली की चित्र डोळ्यासमोर येतं, आणि स्क्रीनवर गोल-रेषा दिसल्या की प्रोजेक्टचे सरसुद्धा खूश होतात. या जीनपासून त्या रोगापर्यंत कुठल्या वाटेनं जाता येतं हे विचारायचं असेल तर सायफर अख्खी वाट काढून हातात देते. आरडीएफची क्वेरीची भाषा स्पार्कल, तिच्या १.१ मधले प्रॉपर्टी पाथ (वाट शोधायची सोय) पोचता येतं की नाही एवढंच सांगतात, मधल्या पायऱ्या देत नाहीत, आणि हे मला आजही खटकतं. रिॲक्टोम या डेटाबेसने आपले पाथवे (पेशीतल्या प्रक्रियांच्या साखळ्या) निओफोरजेमध्ये ठेवलेत, औषधं-रोग-जीन जोडणारं हेटिओनेटही तिथेच आहे, आणि त्यांचं काम पाहिलं तर ती निवड पटते.

एजवर प्रॉपर्टी (जास्तीची माहिती) ठेवता येणं हा दुसरा मोठा फायदा सांगतात. वाण ते गुणधर्म अशी रेष, तिच्यावर साल, ठिकाण, मोजमाप, झालं काम. आम्हालाही हे फार आवडलं होतं, पण मग कुणीतरी विचारतं की हे मोजमाप कुठल्या ट्रायलमधलं, कुणी घेतलं, कुठल्या पेपरात आलं, आणि तिथे घोडं अडतं, कारण प्रॉपर्टी ग्राफमध्ये एजपासून दुसरी एज काढता येत नाही. मग ती रेष मोडून मधे एक नोड घालायचा आणि सगळ्या क्वेऱ्या परत लिहायच्या. आरडीएफमध्ये निरीक्षणाचा वेगळा नोड बहुतेक वेळा पहिल्यापासूनच करावा लागतो, तेव्हा ते उगाच लांबण लावल्यासारखं वाटतं हे खरं, पण विज्ञानाच्या डेटात प्रत्येक मोजमापाला आज ना उद्या काहीतरी चिकटवावं लागतंच, असा माझा अनुभव.

तरी हे सगळं चाललं असतं. माझ्यासाठी पारडं फिरलं ते एकच वस्तू वेगवेगळ्या नावांनी येते, त्या भानगडीमुळे.

मालदांडी घ्या. मोहोळला निवडलेलं, सोलापूर भागातलं रब्बी ज्वारीचं हे वाण, एका फाइलमध्ये ‘एम ३५-१’, दुसरीत मधल्या स्पेसशिवाय, तिसरीत ‘मालदांडी’, चौथीत ‘मालदांडी ३५-१’. ग्राफ डेटाबेसमध्ये ‘मर्ज’ (नोड नसेल तर नवा करणारी आज्ञा) चालवलं की चार नोड तयार, एररही नाही. ‘की’ (प्रत्येक नोडची ठरवून दिलेली ओळख) आणि कन्स्ट्रेंट (दुबार नोंद अडवणारा नियम) लावून हे थांबवता येतं, आम्हीही लावले, पण ती की आमच्या डेटाबेसपुरती, आम्हीच ठरवलेली. दुसऱ्या संस्थेतल्या ग्रुपने त्यांचा डंप (डेटाबेसची अख्खी प्रत) दिला तेव्हा त्यांची की वेगळी, लेबलं वेगळी, आणि आतल्या नोड-आयडीवर तर विसंबूच नये, नोड उडवला की तोच नंबर पुढे दुसऱ्याला मिळू शकतो. जोडायची स्क्रिप्ट लिहिली, ती एकाच माणसाला कळायची, तो पोस्टडॉक संपवून गेला. पुढच्या वर्षी नवीन फाइली, परत तेच निस्तरणं. डोक्याला फार ताप झाला या एका गोष्टीचा.

आरडीएफने नावांचा गोंधळ आपोआप मिटतो असं मुळीच नाही. ज्वारीचा टॅक्सॉन नंबर (प्रजातीचा क्रमांक) ४५५८ सगळीकडे तोच, पण प्रथिनांच्या युनिप्रॉट डेटाबेसचा आयआरआय (वस्तूला दिलेला वेबपत्त्यासारखा आयडी) वेगळा आणि जीवशास्त्रातल्या संज्ञा ठरवणाऱ्या ओबीओ ऑन्टॉलॉजीवाल्यांचा वेगळा. विकिडेटा या खुल्या डेटासाठ्याचे आयआरआय ‘एचटीटीपी’ने सुरू होतात, तिथे सवयीने एक ‘एस’ जास्त टाकला तर क्वेरी गुपचूप रिकामी येते. फरक असा की हा आयआरआय आणि तो आयआरआय एकच, हे सांगणारी ओळसुद्धा डेटाच असते. वेगळ्या नेम्ड ग्राफमध्ये (ट्रिपलच्या नाव दिलेल्या गटात) ठेवा, फाइल म्हणून समोरच्याला द्या, त्याला चूक दिसली तर तो दुरुस्त करून परत देईल. एफएओच्या वनस्पती जनुकीय संसाधन करारात ग्लिस या माहिती-यंत्रणेतून जर्मप्लाझमला (जपून ठेवलेल्या बियाण्याच्या नमुन्यांना) डीओआय, म्हणजे कायमचे ओळख-क्रमांक, मिळतात, म्हणजे नमुन्याला जगभर चालणारी ओळख बऱ्याचदा आधीच तयार असते, ती तशीच उचलायची. मालदांडीची बाकी सगळी नावं लेबल म्हणून खाली लावून टाकली, मराठीसकट.

सॉफ्टवेअर बदलायची वेळ आली तरी हेच कामी येतं. विकिडेटाची क्वेरी सेवा २०१५ मध्ये ब्लेझग्राफ या आरडीएफ इंजिनावर सुरू झाली, त्या इंजिनाचं काम पुढे थंडावलं आणि त्यांच्यावर दुसरं शोधायची वेळ आली. त्रास आहेच, काही खास सोयी नव्याने कराव्या लागतील, पण डेटाचं मॉडेल आणि बहुतेक क्वेऱ्या तशाच राहतात. प्रॉपर्टी ग्राफवाल्यांकडे २०२४ मध्ये जीक्यूएल हे आयएसओ मानक आलं, ही फार चांगली गोष्ट झाली, फक्त ते क्वेरीच्या भाषेचं आहे, डेटा एकमेकांना कुठल्या फाइलमध्ये द्यायचा ते त्यात ठरलेलं नाही.

फेडरेटेड क्वेरीवर (एकाच क्वेरीत बाहेरच्या डेटाबेसनाही विचारणं) मात्र जास्त भिस्त ठेवू नका. कागदावर सुंदर दिसतं, पण विकिडेटाची क्वेरी ६० सेकंदांत तुटते आणि बाकी एंडपॉइंटही (क्वेरी घेणारे सर्व्हर) कधी हळू, कधी बंद. लागतो तेवढा भाग उतरवून स्वतःच्या फ्युसेकी किंवा व्हर्च्युओसो अशा आरडीएफ स्टोअरमध्ये ठेवलेला बरा.

म्हणून माझं मत, जरा संकोचानेच: डेटा एकाच टीमचा, ॲप एकच आणि प्रश्न मुख्यतः वाटा शोधण्याचे असतील तर ग्राफ डेटाबेस घ्या, आरडीएफच्या वाटेला जाऊ नका. डेटा बाहेर जाणार, बाहेरून येणार आणि तुमच्यानंतर दुसऱ्या कुणाच्या हातात पडणार असेल तर मी तरी आरडीएफच घेईन. ब्रिटनमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन संस्थेच्या नेटमायनरवाल्यांनी (जीनची माहिती जोडणारं सॉफ्टवेअर) आरडीएफमधून निओफोरजेमध्ये ओतायला ‘आरडीएफटूनिओ’ नावाचं टूल केलंय, म्हणजे दोन्ही नांदू शकतात. आम्हीही आता मूळ डेटा ट्रिपलमध्ये ठेवतो, पाथवेचं काम निघालं की त्यातला तुकडा ग्राफ डेटाबेसमध्ये घेतो, आणि काम झालं की ती कॉपी बिनधास्त उडवतो.