राजकारण कुठे संपतं, इतिहास कुठून सुरू होतो: घरच्या 2,140 पुस्तकांची मांडणी, दहा महिन्यांनी

2024 च्या दसऱ्याला सहकारनगरच्या घरातली सगळी पुस्तकं खाली काढली, तेव्हा बायकोने एकच अट घातली होती: दिवाळीच्या आत खोली मोकळी हवी. मोकळी झाली ती देवदिवाळीला. आता श्रावण लागलाय. मधे एक उन्हाळा आणि अर्धा पावसाळा जाऊन आलाय, त्यामुळे काय टिकलं आणि काय फसलं हे सांगायला हरकत नाही.

पुस्तकं चार पोतडीतली. राजकारणाची बरीचशी बाबांची. सॉफ्टवेअरची माझ्या नोकरीतली, अठ्ठावीस वर्षांची. कॉमिक्स माझी आणि मुलीची मिळून. आणि इतिहास, जो पुण्यात घर असलं की आपोआप साठत जातो.

आधी लाकडी कपाट होतं. मधल्या फळीला पोक आलं होतं. तीन फुटांच्या त्या फळीवरची पुस्तकं वजनकाट्यावर टाकली तर 31 किलो भरली, मग फळीला तरी काय बोलणार. भवानी पेठेतून खाचांच्या अँगलचे सहा रॅक आणले, पाच-पाच फळ्यांचे, बसवून एकेक तीन हजाराच्या आत. फळी हवी तेवढी वर-खाली करता येते, हा मोठा फायदा. तिरपी पट्टी आणि भिंतीला एक क्लॅम्प मात्र मारून घ्याच. माझ्याकडचा कारागीर म्हणत होता, 'काही होत नाही साहेब.' रिकामा रॅक तेव्हाच डुलत होता. दुसरी कटकट रंगाची. करडा रंग पुस्तकांच्या बुडाला लागतो. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक फळीवर कालनिर्णयची जुनी पानं अंथरली आहेत. आता पुस्तक काढलं की खाली 2019 ची एकादशी दिसते.

रॅकबद्दल एवढं पुरे. खरा अनुभव मांडणीचा.

मी सुरुवात शिस्तीत केली. ग्रंथालयात प्रत्येक विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावायची ड्युई दशांश पद्धत 1876 सालची, जगभर चालते, मग आपल्याला का चालू नये? सॉफ्टवेअर 005, राजकारण 320, कॉमिक्स 741.5, भारताचा इतिहास 954. पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवल्या. झालं काय, तर ड्युईत संगणक अगदी सुरुवातीला येतो, म्हणून दारातून आत आलं की पहिलं दर्शन विंडोज 98 च्या जाडजूड पुस्तकांचं. त्यांचा आता दार अडवून धरायलाच उपयोग, आणि जागा दाराशीच मिळाली. आईने विचारलं, 'हे वाचतोस अजून?' कॉमिक्स गेली चित्रकलेच्या शेजारी, इतिहासापासून दोन रॅक लांब. आमच्या मुलीला शिवाजी महाराज, बाजीराव, राणी लक्ष्मीबाई पहिल्यांदा भेटले ते अमर चित्र कथेत. तिच्या लेखी तो इतिहासच. 1967 पासून घराघरात पोचलेल्या त्या अंकांना चित्रकलेत बसवणं मलाही पटेना. दीड महिन्यात चिठ्ठ्या काढल्या. डिंकाचे डाग राहिले.

मग विषयवार रॅक लावले, आणि पहिलं भांडण उभं राहिलं ते बाबांच्या पुस्तिकांवरून. आणीबाणी 25 जून 1975 ला लागली आणि 21 मार्च 1977 ला उठली. त्यानंतरच्या वर्षभरात बाबांनी त्यावरच्या वीसेक पातळ पुस्तिका घेतल्या, अप्पा बळवंत चौकातून, आत पेन्सिलीने तारीख आणि किंमत. (ही पेन्सिल मला यादी करताना फार उपयोगी पडली. किती पुस्तिकांवर छपाईचं सालच नाही.) बाबांनी त्या घेतल्या तेव्हा ते निव्वळ राजकारण होतं, चहाच्या कपावर चालणारं. आज माझी मुलगी त्याकडे पानिपताकडे बघावं तसं बघते. मग ठेवायच्या कुठे?

बरेच दिवस त्या फ्रिजवर होत्या. शेवटी मी एक नियम केला: जे घडलं तेव्हा मला मत देता येत नव्हतं तो इतिहास, तिथून पुढचं राजकारण. माझा जन्म 1974 चा. मतदानाचं वय 21 वरून 18 वर आलं ते 1989 साली, त्यामुळे मी 1992 मध्ये मतदार झालो. 1992 च्या अलीकडचं खिडकीशेजारच्या रॅकवर, पलीकडचं आतल्या भिंतीला. ऐकायला पोरकट वाटतं, पण दहा महिन्यांत हाच एक नियम न बदलता टिकलाय. पुस्तक हातात घेतलं की दोन सेकंदांत जागा ठरते. संयुक्त महाराष्ट्र आत, मंडल आत, अणुकरार बाहेर. अडचण एकच, हा नियम माझ्यापुरता आहे. बाबांचं पहिलं मत 1967 चं. ते असते तर आतला अर्धा रॅक बाहेर आला असता.

सॉफ्टवेअरला वेगळा निकष लावला: त्यातलं काही आजही चालतं का? सी भाषेवरचं 1988 च्या आवृत्तीचं एक पातळ पुस्तक टेबलावर राहिलं, अजून लागतं. त्याच्या चौपट जाडीची, दर दोन वर्षांनी नव्या आवृत्तीने मोडीत काढलेली पुस्तकं रद्दीवाल्याने किलोवर नेली. एक फाईल मात्र आजही अधांतरी आहे. सी-डॅक ही संगणक-संशोधनाची सरकारी संस्था 1988 मध्ये पुण्यात सुरू झाली आणि 1991 मध्ये तिने परम 8000 हा महासंगणक तयार केला, त्या काळातली कात्रणं आणि माहितीपत्रकं. ती सॉफ्टवेअरमध्ये ठेवावीत, की पुण्याच्या इतिहासात लकडी पुलाच्या आणि पानशेतच्या पुराच्या शेजारी? सध्या पानशेतशेजारी आहे.

आता यादीविषयी. इथे माझे पंधरा-वीस रविवार गेले, आणि तुमचे जाऊ नयेत म्हणून जरा सविस्तर लिहितो. फोनवरच्या एका ॲपने बारकोड वाचून माहिती भरायची, असा बेत होता. बारकोडमध्ये असतो तो आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, ठरला 1970 मध्ये, तेरा आकडी झाला 2007 पासून. भारतीय पुस्तकांचा 978 नंतर 81 किंवा 93 ने सुरू होतो. इंग्रजी पुस्तकं भराभर आली. मराठीपैकी निम्म्यांवर बारकोडच नव्हता, आणि ज्यांच्यावर होता त्यांची नावं रोमन लिपीत, कुणीतरी कानाने ऐकून लिहिल्यासारखी. शेवटी साधी स्प्रेडशीट उघडली आणि हाताने टंकलं.

टंकल्यावर कळलं की शोधलेलं सापडत नाही. जुन्या पुस्तकांत 'कांहीं', 'मराठ्यांचीं' असं छापलेलं. न उच्चारलेले अनुस्वार काढून टाकणारे नियम आले 1962 मध्ये. मी मुखपृष्ठावर आहे तसं टंकलेलं, आणि शोधताना लिहितो 'काही'. शिवाय 'ऱ्या' दोन तऱ्हेने टंकता येतो, 'ॲ' सुद्धा. डोळ्याला सारखे, यंत्राला वेगळे. मी याच धंद्यातला असून ओळखायला मला तीन दिवस लागले. आता यादीत 'शोधनाव' असा वेगळा रकाना आहे. तीसेक ओळींचा एक प्रोग्रॅम सगळे अनुस्वार गाळतो, दीर्घ वेलांट्या-उकार ऱ्हस्व करतो आणि 'ऱ्या'चा एकच अवतार ठेवतो. वाचायला भयंकर दिसतं, पण सापडतं.

लेखकांचंही तसंच. आडनावाने क्रम लावा म्हणतात. पण आपण 'राजवाडे' म्हणतो आणि 'पु. ल.' म्हणतो, मग देशपांडे या आडनावाखाली पुलंना कोण शोधणार? मी दोन्ही लिहून ठेवतो. आणि जुन्या इतिहासग्रंथांवर शके असेल तर त्यात 78 मिळवायचे. जानेवारी ते गुढीपाडवा या दिवसांसाठी 79. हे ठाऊक असूनही मी सात पुस्तकं चुकीच्या सालात टाकली होती.

पावसाळ्याची परीक्षा कॉमिक्सने दिली आणि ती नापास झाली. पिना मारलेला अंक उभा ठेवला तर पाठीवर नाव नाही, म्हणजे दिसत नाही. आडवा ठेवला तर खालचे अंक दबतात. जूनच्या शेवटी पश्चिमेच्या भिंतीने ओल धरली आणि इंद्रजालच्या काही अंकांच्या पिना गंजून पानांवर तपकिरी ठिपके उमटले. 1990 मध्ये बंद पडलेली मालिका, परत कुठून आणणार? जुन्या बाजारात मिळाले तर मिळाले. आता गंजलेल्या पिना काढून सुती दोरा घातलाय, अंक झाकणाच्या डब्यांत आडवे, डब्यावर बाहेरून यादी. रॅक भिंतीपासून चार बोटं पुढे ओढले, हवा खेळते. कसर मला यंदा फक्त बांधीव खंडांत दिसली, जिथे खळ लावलेली आहे. डांबरगोळ्या ठेवल्या होत्या, पण त्या वासाने आईचं डोकं दुखायचं, म्हणून वेखंडाच्या पुरचुंड्या केल्या. कसर वेखंडाने गेली, की मे महिन्यात पुस्तकं वारं लागायला काढली त्यामुळे कमी झाली, ते आत्ताच सांगता येणार नाही.

खर्च एकूण साडेअठरा हजार, रॅक धरून. पुन्हा करायचं तर रॅक हेच घेईन, यादी पहिल्या दिवसापासून हाताने टंकेन आणि ड्युईच्या वाटेला जाणार नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1931 मध्ये सांगून ठेवलंय की ग्रंथालय हे वाढत राहतं. बायकोला मी हे कौतुकाने ऐकवलं, तिने धमकी म्हणून ऐकलं. सातव्या रॅकला जागा नाही, हे तिने तेव्हाच स्पष्ट केलं.

मतदाराचा नियम मात्र परवा अडचणीत आला. मुलीने पहिलं मत दिलं 20 नोव्हेंबर 2024 ला, विधानसभेला. परवा ती खिडकीशेजारच्या रॅकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, 'बाबा, तुमच्या नियमाने माझ्यासाठी हे सगळंच आतल्या भिंतीला जातं.' मी मोजलं. तिच्या बाजूने राजकारणात तीन पुस्तकं उरतात, त्यातलं एक ग्रंथालयाचं आहे आणि परत करायची तारीख उलटून गेली आहे.